स्टार वॉर्स पहिल्यांदा बघताय? सुरुवात चौथ्या भागापासून करा

स्टार वॉर्सचे मुख्य चित्रपट नऊ. त्यातला जो सगळ्यात आधी, 25 मे 1977 रोजी अमेरिकेत लागला, तो गोष्टीतला चौथा भाग. 1980 आणि 1983 साली पाचवा आणि सहावा आला. मग सोळा वर्षं शांतता, आणि 1999, 2002, 2005 साली पहिला, दुसरा, तिसरा. 2012 मध्ये डिस्नेने हे चित्रपट बनवणारी लुकासफिल्म कंपनी विकत घेतली आणि 2015, 2017, 2019 साली सातवा, आठवा, नववा आला. मध्ये 2016 ला ‘रोग वन’ आणि 2018 ला ‘सोलो’ असे दोन सुटे चित्रपट. त्यामुळे नव्याने बघायला बसणाऱ्याची पहिल्याच पायरीवर अडचण होते. ज्यावर 1 लिहिलंय तो आधी लावायचा, की 1977 चा?

पहिल्यांदा बघत असाल तर 1977 चा, म्हणजे चौथा. याबद्दल माझं मत ठाम आहे. 1 ते 9 असं गोष्टीच्या क्रमाने बघायला मलाही आवडतं, पण ते दुसऱ्या खेपेला. असं का, वाटेत कुठे फाटा फुटतो, सुटे चित्रपट आणि सिरीज कुठे बसवायच्या, ते पुढे सांगतो. या कथेत दोन मोठी गुपितं आहेत आणि ती इथे कुठेही फोडलेली नाहीत, तेव्हा एकही भाग न पाहिलेल्यांनी बिनधास्त वाचावं.

चौथा भाग कोऱ्या प्रेक्षकासाठी लिहिलाय

1977 साली चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला जेडाय हे योद्धे कोण आणि फोर्स ही शक्ती म्हणजे काय हे माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणून लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकासने गोष्ट अशा पोराच्या हाती दिली, ज्यालाही यातलं काही ठाऊक नाही. लूक स्कायवॉकर टॅटूइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर काका-काकूंकडे राहतो, शेतावर राबतो आणि तिथून बाहेर पडायला तडफडतो. तो लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा आपणही ती पहिल्यांदाच बघत असतो. म्हातारा बेन केनोबी त्याला फोर्सबद्दल सांगतो, ते आपल्यालाही नवंच असतं. चित्रपटावर तेव्हा ‘चौथा भाग’ असं लिहिलेलंसुद्धा नव्हतं. ‘एपिसोड फोर: अ न्यू होप’ ही अक्षरं 1981 साली तो पुन्हा लागला तेव्हा सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात आली.

1999 चा ‘द फँटम मेनेस’ हा पहिला भाग मात्र आधीचे तिन्ही कोळून प्यायलेल्या प्रेक्षकांसाठी केलेला आहे. सुरुवातीलाच व्यापारी मार्गांवरच्या करांचा वाद, नाबू ग्रहाची नाकेबंदी आणि वाटाघाटींना आलेले दोन जेडाय. हे जेडाय कोण, ते सरकत्या मजकुरातल्या अर्ध्या ओळीत उरकलंय. जुनी पात्रं एकेक करून पडद्यावर येतात आणि दर वेळी प्रेक्षकाने ‘अरे, हा तर...’ म्हणावं अशी अपेक्षा असते. नव्या माणसाकडे तशी ओळखच नसते. त्याला फक्त नाकेबंदी दिसते.

क्रम ठरवण्यासाठी एवढा एकच प्रश्न पुरे आहे: हा भाग करणाऱ्याने प्रेक्षकाला आधीच काय माहीत आहे असं धरलंय? घटना कोणत्या साली घडते त्याला यात फारसं महत्त्व नाही. लूकला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसावं, अशा बेताने चौथा आणि पाचवा भाग रचले आहेत. 1, 2, 3 बघून तिथे पोहोचलेल्या माणसाला लूकपेक्षा जास्त माहीत असतं, आणि मग त्या दोन चित्रपटांतले सर्वांत जोरकस क्षण नुसते आठवणी ताज्या करण्यापुरते उरतात.

गोष्टीच्या क्रमाच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. पहिल्या तीन भागांत बुरख्याआडून सूत्रं हलवणारा एक माणूस आहे. सहावा भाग पाहून आलेल्याला तो कोण हे आधीच कळलेलं असतं. 1 पासून सुरू करणाऱ्याला ते शोधायची मजा मिळते. पण हे रहस्य चित्रपट स्वतःच फारसं जपत नाही, सावध प्रेक्षक अर्ध्यातच ओळखतो. त्याच्या बदल्यात तिसऱ्या भागाच्या शेवटी दोन्ही मोठी गुपितं हातची जातात. हा सौदा मला महाग वाटतो.

बसण्याआधी

ज्याला दाखवायचंय त्याला आधी काय माहीत आहे ते काढून घ्या, पण जपून. गुपिताचं नाव घेऊन ‘तुला ते माहीत आहे का’ छापाचा प्रश्न विचारला की संपलं. ‘स्टार वॉर्सबद्दल काय काय ऐकलंयस?’ एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. टी-शर्ट, मीम, विनोदी कार्यक्रम यांतून बऱ्याच जणांना पाचव्या भागातलं गुपित कळलेलं असतं. कळलेलं असलं तरी सुरुवात चौथ्यापासूनच करायची, फक्त पुढच्या फाट्यावर निर्णय बदलू शकतो.

ओटीटीवर भाग बहुतेक वेळा आकड्यांच्या क्रमाने मांडलेले असतात, आणि एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. ऑटोप्ले बंद करून ठेवा. पाहिल्याशिवाय पुढच्या भागांची माहिती वाचू नका, दोन ओळींच्या सारांशातही घात होतो.

एका बैठकीत एकच चित्रपट बघा. नऊ भाग मिळून साधारण साडेवीस तास होतात आणि दोन सुटे धरले तर 25 च्या आसपास. सुट्टीच्या दोन दिवसांत सगळं कोंबलं तर तिसऱ्या चित्रपटानंतर लढाया एकमेकींत मिसळायला लागतात.

चौथा आणि पाचवा

प्रत्येक मुख्य भागाच्या सुरुवातीला पिवळ्या इंग्रजी अक्षरांचा मजकूर वर सरकत जातो. लहान मुलं किंवा इंग्रजी भराभर न वाचणारे आजी-आजोबा सोबत असतील तर तिथे थांबवा आणि आपल्या मराठीत दोन वाक्यांत सांगा: साम्राज्याविरुद्ध बंड चाललंय, बंडखोरांनी एका महाभयंकर शस्त्राचे नकाशे चोरलेत, राजकन्या ते घेऊन निघाली आहे. एवढं पुरतं. त्यापलीकडे काही समजावू नका, चित्रपट ते करतो. ‘हा पुढे महत्त्वाचा आहे हं’ असं तर अजिबात म्हणू नका.

आज ओटीटीवर दिसणारा चौथा भाग 1977 चा तंतोतंत नाही. 1997 च्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये लुकासने संगणकावर तयार केलेले प्राणी आणि नवी दृश्यं घातली, नंतरही बदल होत राहिले. त्यामुळे मध्येच एखादं दृश्य वीस वर्षांनी नवं वाटलं तर ते तसंच आहे. लुकासच्या स्पेशल इफेक्ट्स कंपनीने, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने, 1977 साठी हाताने बनवलेली छोटी मॉडेल्स आणि त्यांच्यासमोरून फिरणारा संगणक-नियंत्रित कॅमेरा यांची कमाल मात्र शेवटच्या हल्ल्यात आजही टिकून आहे. तो भाग मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून बघा.

पाचव्यासाठी, म्हणजे ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’साठी, फार दिवस थांबू नका. दिग्दर्शक अर्विन कर्शनर. लूक एका दलदलीच्या ग्रहावर जातो आणि तिथे त्याला कोणीतरी भेटतं. ती भेट ज्या पद्धतीने रचली आहे तिची गंमत 1, 2, 3 आधी पाहिलेल्याला मिळतच नाही. आणि शेवटाकडे गुपित फोडणारं ते वाक्य येतं. शूटिंगच्या वेळी ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनाच ठाऊक होतं. काळ्या कवचातल्या खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला, डेव्हिड प्राउजला, सेटवर बोलायला वेगळंच वाक्य दिलं होतं. लूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला खरं वाक्य शॉटच्या थोडंसं आधी सांगितलं आणि खलनायकाला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सकडून ते नंतर ध्वनिमुद्रित झालं. ज्यांनी हा चित्रपट बनवला त्यांनी स्वतःच्याच माणसांपासूनही जे इतकं जपलं, ते आपण एका आकड्याच्या मोहापायी घरात फोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पाचवा संपल्यावर चर्चेला घाई करू नका. ज्याने पहिल्यांदा पाहिलाय त्याला आधी बोलू द्या. ‘हे खरं असेल का?’ हा प्रश्न 1980 च्या प्रेक्षकाने तीन वर्षं बाळगला होता. निदान एक रात्र तरी तो तसाच राहू द्या.

इथे फाटा फुटतो

पाचव्यानंतर दोन रस्ते. सरळ रस्ता प्रदर्शनाच्या क्रमाचा: आधी सहावा, मग 1, 2, 3. दुसरा रस्ता असा की, पाचव्याने उभा केलेला प्रश्न तसाच लटकत ठेवायचा, भूतकाळात जाऊन यायचं आणि सहाव्याने शेवट करायचा. रॉड हिल्टन या चाहत्याने 2011 साली मांडलेली ‘मशेटी ऑर्डर’ या दुसऱ्या रस्त्याची सर्वांत गाजलेली वाट: 4, 5, 2, 3, 6. तिच्यात पहिला भाग सरळ वगळलाय. त्यामागचा तर्क असा की, पुढे लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसरा भाग नव्याने उभी करतो आणि लूकच्या गोष्टीचा धागा मधे फार लांब सुटत नाही.

गुपित माहीत नसलेल्या, थोडा धीर धरू शकणाऱ्या मोठ्या माणसाला मी याच वाटेने नेतो. पाचव्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 2 आणि 3 देतात, आणि तेही सावकाश, वेदनेसकट. तिसरा ताजा असताना सहाव्यातला शेवटचा सामना बघितला की तिथे उभ्या असलेल्या तिघांपैकी प्रत्येकाने काय गमावलंय ते आपल्याला ठाऊक असतं. सरळ रस्त्याने आलेल्याला ते नंतर कळतं, आणि नंतर कळणं वेगळं.

या वाटेच्या बाजूने आणखी एक फार व्यावहारिक कारण आहे. सहाव्या भागाच्या अगदी शेवटच्या दृश्यात तीन आकृती दिसतात. 2004 च्या डीव्हीडीपासून त्यांतल्या एकीच्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या भागातल्या नटाचा चेहरा बसवलाय आणि ओटीटीवर तोच दिसतो. 4, 5, 6 असं बघणाऱ्याने हा चेहरा आधी कधीच पाहिलेला नसतो. सगळ्या प्रवासाच्या सर्वोच्च क्षणी तो विचारतो, ‘हा कोण?’ सरळ रस्ता घेतलात तर एवढंच सांगा की याचं उत्तर पुढच्या तीन चित्रपटांत आहे. मशेटीने गेलात तर हा प्रश्नच पडत नाही.

मग सरळ रस्ता कोणासाठी? एक, मुलांसाठी. मुलांना लूक, लेया आणि हान सोलोचं पुढे काय झालं ते लगेच हवं असतं, आणि मधे पाच तास दुसऱ्याच माणसांची गोष्ट लावली की त्यांचं मन उडतं. शिवाय तिसरा भाग, ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’, बराच काळोखी आहे. अमेरिकेत या चित्रमालिकेतला तो पहिला ‘पीजी-13’ प्रमाणपत्राचा (म्हणजे 13 वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना जास्त कडक इशारा देणारा) चित्रपट होता, आधीचे पाचही ‘पीजी’. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो दाखवण्याआधी स्वतः एकदा बघून घ्या. शेवटचा अर्धा तास खरोखर भयंकर आहे. दोन, ज्यांना गुपित आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी. मशेटीची निम्मी ताकद त्या धक्क्यावर उभी आहे, धक्काच नसेल तर 4, 5, 6 एकसंध बघण्यात जास्त आनंद आहे.

पहिल्या भागाबद्दल मात्र हिल्टन यांच्यापेक्षा मी मवाळ आहे. तो मधे नको, पण कायमचा वगळूही नका. सहावा झाल्यावर निवांत बघा. जॉन विल्यम्स यांचं संगीत आणि शेवटचं तलवारयुद्ध एवढ्यासाठीसुद्धा तो बघण्यासारखा आहे, आणि तो न पाहिलेल्याला ‘सोलो’च्या शेवटाकडे दिसणारा एक चेहरा अजिबात कळणार नाही.

‘रोग वन’ आधी लावायचा मोह

‘रोग वन’ची गोष्ट चौथा भाग सुरू होतो त्याच्या जेमतेम आधी संपते. ते नकाशे चोरले कसे, त्याचीच ही कथा. म्हणून कित्येक जण नव्या माणसाला आधी हाच दाखवतात. चित्रही नवं, झगमगीत. पण ‘रोग वन’ची शेवटची काही मिनिटं काळ्या कवचातल्या त्या माणसाची दहशत आपल्या मनात आधीपासून आहे असं धरून चालतात, आणि ते नकाशे पुढे कशाला उपयोगी पडणार हे माहीत असल्याशिवाय त्यातल्या लोकांच्या त्यागाला वजन येत नाही. म्हणून 4, 5, 6 पाहून झाल्यावर कधीही ‘रोग वन’ बघा आणि तो संपला की त्याच बैठकीत चौथ्याची पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा. चाळीस वर्षांच्या अंतराने केलेली दोन दृश्यं एकमेकांत अडकतात, हा अनुभव आवर्जून घ्यावा.

‘सोलो’ त्यानंतर, हवा तर. 7, 8, 9 सलग बघायचे, त्यात वाद नाही. सातवा जिथे थांबतो तिथूनच आठवा सुरू होतो, तेव्हा ते दोन एकाच आठवड्यात बघा.

दुसऱ्या खेपेला गोष्टीचा क्रम

आता 1 पासून सुरू करा: 1, 2, 3, ‘सोलो’, ‘रोग वन’, 4, 5, 6, 7, 8, 9. गोष्टीतली अंतरं लक्षात ठेवली की सोपं जातं. पहिल्या आणि दुसऱ्या भागात दहा वर्षं, दुसऱ्या-तिसऱ्यात तीन, तिसऱ्या-चौथ्यात 19. चौथ्यानंतर तीन वर्षांनी पाचवा, त्याच्यानंतर वर्षभराने सहावा. सातवा मग सुमारे तीस वर्षांनी.

या खेपेला गुपितं कामाची नसतात, कारण ती आपल्याकडे असतातच. महाभारत जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलं जातं. ऐकणारा राजा अभिमन्यूचा नातू आहे, युद्धात कोण मेलं आणि कोण उरलं ते त्याला ठाऊक आहे, तरीही वैशंपायनांना तो ‘सविस्तर सांगा’ म्हणतो. शेवट माहीत असताना हे कसं घडत गेलं ते बघण्याची ती ओढ 1 ते 9 या क्रमात आहे. एक प्रजासत्ताक टाळ्यांच्या गजरात स्वतःच्या हाताने सत्ता एका माणसाला देऊन टाकतं, हा भाग पहिल्या खेपेला लढायांखाली दबतो. दुसऱ्या खेपेला तोच मुख्य वाटतो. पहिल्या तीन भागांच्या संगीतात 1977 आणि 1980 च्या सुरावटींचे तुकडे पेरलेत. कोणाच्या दृश्यात कुठली सुरावट डोकावते, ते आता ऐकू यायला लागतं.

खटकणारी जागा एकच, पण मोठी. 2016 च्या ‘रोग वन’वरून 1977 वर येताना वेग एकदम उतरतो. तिसऱ्या भागातल्या लाव्हाच्या काठावरच्या तलवारयुद्धानंतर चौथ्यातलं युद्ध फारच संथ दिसतं. म्हणून इथे एक-दोन दिवसांची फट ठेवा. लगोलग लावलंत तर चौथ्यावर अन्याय होतो.

सिरीज कुठे बसवायच्या

‘द क्लोन वॉर्स’ ही अॅनिमेशन सिरीज दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधली. सात सीझन, 133 भाग, शिवाय 2008 चा एक चित्रपट. यात एक खाच आहे: सुरुवातीच्या सीझनमधले भाग गोष्टीच्या क्रमाने प्रसारित झालेलेच नाहीत. गोष्टीतला सर्वांत पहिला भाग दुसऱ्या सीझनचा सोळावा, त्यानंतर पहिल्या सीझनचा सोळावा, मग 2008 चा चित्रपट. स्टार वॉर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर पूर्ण क्रम दिलेला आहे. चित्रपटांच्या बाबतीत मी प्रदर्शनाचा क्रम धरतो, इथे मात्र उलट सांगेन, कारण हे भाग प्रेक्षकाच्या माहितीशी खेळत नाहीत, फक्त विस्कळीत आहेत. सातव्या सीझनचे शेवटचे चार भाग तिसऱ्या चित्रपटाच्या समांतर चालतात, म्हणून ते तो चित्रपट पाहिल्यावरच बघा.

‘अँडॉर’चे दोन सीझन, 24 भाग, थेट ‘रोग वन’च्या दारात आणून सोडतात. ही सिरीज स्टार वॉर्स न आवडणाऱ्यालाही धरून ठेवते, त्यामुळे एखाद्याने इथून सुरुवात केलीच तर मी अडवणार नाही. ‘द मँडलोरियन’ सहाव्यानंतर पाचेक वर्षांनी घडते. तिचा दुसरा सीझन संपला की तिसऱ्याआधी ‘द बुक ऑफ बोबा फेट’चे पाचवा, सहावा आणि सातवा हे भाग बघावेच लागतात. मुख्य पात्रांची गोष्ट मधल्यामधे तिथेच पुढे सरकते, आणि ते सुटले तर तिसऱ्या सीझनची सुरुवात चुकल्यासारखी वाटते.

दुसऱ्या चित्रमालिकांना हाच प्रश्न विचारला की उत्तर नेहमी प्रदर्शनाच्या क्रमाकडेच झुकतं असं नाही. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधला 2006 चा ‘टोकियो ड्रिफ्ट’ तिसरा लागला, पण गोष्टीत तो सहाव्यानंतर बसतो, आणि 2013 च्या सहाव्याचा शेवट तो तिथेच बघावा असा जोडलाय. तिथे 1, 2, 4, 5, 6, 3, 7 हाच क्रम घ्या. मार्वलचं उलट. ‘कॅप्टन मार्वल’ची कथा 1995 मधली, म्हणून काल-क्रमाच्या याद्यांमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर असते. पण चित्रपट 2019 चा, आणि शेवटच्या नामावलीच्या मधे येणारं दृश्य ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटानंतरचं आहे. काल-क्रमानेच बघायचा हट्ट असेल तर नामावली सुरू झाली की चित्रपट बंद करा आणि ते दृश्य ‘एंडगेम’च्या आधी लावा.